हिरकणी आधी, अफजलखान नंतर

महाड-पोलादपूरच्या मुलांपासून मरण कधी कुणी लपवलं नाही. रायगडावर गेलं की टकमक टोक दाखवायचं आणि गुन्हेगारांचा कडेलोट इथून व्हायचा हे सांगायचं, हा शिरस्ताच. पोलादपूर तालुक्यातलं उमरठ तानाजी मालुसऱ्यांचं. १६७० साली सिंहगडावर पडलेल्या तानाजींचं शव ज्या वाटेने उतरवलं, तिला मढे घाट नाव पडलं असं सांगतात. आंबेनळी घाट चढला की प्रतापगड, आणि त्याच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ची शिवाजी महाराज आणि अफजलखानाची ती भेट. म्हणून २०२५ मध्ये ‘महावतार नरसिंह’ हा ॲनिमेशनपट आला, तेव्हा हिरण्यकशिपूचा वध पाच वर्षांच्या पोराला दाखवावा का, या प्रश्नाला या भागात एक उत्तर तयारच होतं: त्यात काय, आमची पोरं याहून भयंकर ऐकत वाढली.

ऐकत वाढली हे खरं, पण कधी आणि कुणाकडून, ते या उत्तरात गळून जातं. अफजलखानवधाचा अज्ञानदासाचा पोवाडा काही बाळगोपाळांसाठी रचलेला नव्हता; तो जाणत्यांच्या बैठकीत, डफ-तुणतुण्यावर म्हणायचा. हीच कथा शाळेत शिरली ती चौथीच्या पुस्तकातून, म्हणजे साधारण नवव्या वर्षी, आणि शिरताना तिचं रक्त बरंच पुसलं गेलं. त्याआधी मुलाच्या वाट्याला येते ती हिरकणी, घरच्या तान्ह्या बाळासाठी रात्री रायगडाचा कडा उतरलेली आई. गडाचे दरवाजे मिटलेले, काळोख, खाली सरळ तुटलेला कडा. भीती भरपूर आहे, पण ती सगळी आईच्या वाट्याची. बाळ घरात सुखरूप आहे, आणि आई पोचणार हे ऐकणाऱ्याला पहिल्यापासून ठाऊक असतं. सांगणारी आजी पोराचा चेहरा बघून कडा उंच करते किंवा दोन वाक्यांत उतरवून टाकते. समर्थ रामदासांच्या वास्तव्याची शिवथरघळ महाड तालुक्यातलीच, तेव्हा समर्थांचं भीमरूपी हे मारुतिस्तोत्र इथे दिवेलागणीला घरोघर म्हटलं जाणं ओघानेच आलं. त्याच्या फलश्रुतीत भूतप्रेतांचा नाश सांगितलेला आहे. भुताची गोष्ट आणि भुतावरचा उतारा एकाच ओटीवर मिळत असे.

पडद्याला पोराचा चेहरा दिसत नाही. चित्रं रंगवलेली आहेत, खरी नाहीत, हा युक्तिवाद मोठ्यांना पटतो. चार-पाच वर्षांच्या मुलाच्या लेखी ही सीमा अजून पक्की नसते, शिवाय थिएटरातला आवाज थेट छातीत उतरतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: असं जपत बसलो तर पोरं भित्री निपजतील. पण भीती काढून टाका असं इथे कुणी म्हणत नाही. हिरकणीतून भीती काढली तर गोष्टच उरत नाही. मुद्दा पायरीचा आहे, आणि ती पायरी याच मुलखाने, कायद्याच्या कितीतरी आधी, ठरवून ठेवली होती. सरकारला ती २०२४च्या चित्रपट प्रमाणनाच्या नियमांत सुचली, तेव्हा यूए प्रमाणपत्राचे ७, १३ आणि १६ वर्षं असे टप्पे झाले. तरी यूए हा पालकांना दिलेला सल्लाच. मुलांना दारावर अडवतात ते प्रौढांसाठीच्या ‘ए’ चित्रपटाला. म्हणजे निर्णय शेवटी घरातच होतो.

तेव्हा सात वर्षांखालच्या मुलाला असा चित्रपट दाखवू नये. सातनंतर दाखवावा, पण गोष्ट आधी घरी सांगून, शेजारी बसून, आणि मूल ‘चला’ म्हणालं तर तिकिटाचे पैसे न मोजता उठून.