पडद्यावरचे घर

कादंबरीकाराला घर बांधायला काही खर्च येत नाही. ‘जुना वाडा होता, आत अंधार होता’ एवढे लिहिले की वाचक आपल्या ओळखीचा वाडा आणून तिथे बसवतो. चित्रपटवाल्याला ही सोय नाही. त्याला भिंत उभी करावी लागते, खिडकी कुठे ते ठरवावे लागते, आणि मग त्या खिडकीला गोष्टीत काही काम द्यावे लागते. मराठीत हे काम ज्या चित्रपटांनी फार मनापासून केले, त्यांतल्या दोहोंच्या कथा नारायण हरी आपटे या कादंबरीकाराच्याच होत्या, याचे लेखणी चालवणाऱ्या माणसाला जरा बरे वाटते.

पहिला ‘सावकारी पाश’. 1925 साली कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत बाबूराव पेंटरांनी तो काढला. तोवर पडद्यावर मुख्यतः राजवाडे, किल्ले नि देवांचे दरबार. इथे शेतकऱ्याची झोपडी आली. शेतकरी झाले होते व्ही. शांताराम. सावकार जमीन गिळतो आणि शेतकरी शहरात गिरणीकामगार होतो. मूकपटच तो! काय गमावले हे जागा बदलूनच दाखवायचे. पुढे 1936 मध्ये पेंटरांनी तोच विषय बोलपटात आणला. त्यातले एक दृश्य पाहून आपण भारावून गेलो, असे निर्माते जे. बी. एच. वाडिया यांनी लिहून ठेवले आहे : दुरून दिसणारी उदास झोपडी, भोवती काळोख, आणि फक्त कुत्र्याचे रडणे.

म्हणजे जागा नुसती दिसत नाही, ती ऐकूही येते. हे ‘प्रभात’च्या ‘कुंकू’ने पुरते ओळखले. साल 1937. दिग्दर्शक शांताराम, छायालेखक व्ही. अवधूत, कलादिग्दर्शन फत्तेलालांचे. नीरा ही पोरकी, शिकलेली मुलगी. मामाने तिला फसवून म्हाताऱ्या वकिलाच्या, काकासाहेबांच्या गळ्यात बांधलेली. ती त्यांना पती मानीत नाही, पण घर सोडून जाणार कुठे? म्हणून सारे भांडण घरातच होते आणि कॅमेराही बहुतेक घरातच राहतो.

या चित्रपटात पार्श्वसंगीत ठेवलेले नाही. संगीतकार केशवराव भोळ्यांसारखा जाणकार हाताशी असताना! प्रसंगाखाली वाद्ये नाहीत, तर घरातले नि रस्त्यावरचे आवाज आहेत. त्यामुळे कुणी बोलेनासे झाले की त्या भिंतींचे वजन जाणवते. रस्त्यावर गाणाऱ्या पोराचे गाणे येते तेव्हा बाहेर केवढे मोकळे जग आहे हे कळते. नीरा लाँगफेलोची इंग्रजी कविता गाते, ती त्या घरात किती परकी वाटते! शाळेत ही कविता आम्हीही घोकली. मुलीच्या तोंडी ती बंडासारखी वाटेल असे तेव्हा कुणाच्या मनातही आले नव्हते.

हे घर नीरेला कोंडते, तसेच हळूहळू काकासाहेबांनाही कोंडते. केशवराव दाते त्या म्हाताऱ्याला खलपुरुष होऊ देत नाहीत, शांता आपटे नीरेला रडूबाई होऊ देत नाहीत. म्हणून एका छपराखाली दोन माणसे न्याय मागत बसल्यासारखी वाटतात. शेवटी काकासाहेब जीव देऊन तिला मोकळी करतात. तो शेवट मला अजूनही पटत नाही. इतका वेळ ती लढली, आणि दार उघडले ते पुन्हा नवऱ्यानेच.