परत येणारी लाट आणि गोविंद स्वरूप

कर्वेनगरच्या आमच्या गच्चीवर मी हवामान उपग्रहाचे फोटो पकडायला डायपोल अँटेना बांधला. मीटर जोडला, तर स्टँडिंग वेव्ह रेशो ३! म्हणजे केबलमधून पाठवलेल्या शक्तीतली २५ टक्के अँटेना परत फेकतोय. आणि स्क्रीनवर स्मिथ चार्ट. बीटेकला हा गोल पाठ करून मार्क मिळवले होते. कळलं शून्य.

हा गोल बेल लॅब्जच्या फिलिप स्मिथनं १९३९ मध्ये छापला. कॉम्प्युटर नसताना लाईनची गणितं पट्टी-पेन्सिलीनं सुटावीत म्हणून. केबल ५० ओहमची आणि अँटेनाचा इम्पीडन्स वेगळा, की काही लाट उलटी फिरते. ठिपका मधोमध असेल तर काहीच परत येत नाही, काठावर असेल तर सगळं परत. माझा ठिपका वरच्या अर्ध्यात होता, म्हणजे रिॲक्टन्स इंडक्टिव्ह, म्हणजे डायपोल लांब. दोन्ही बाजूंनी थोडा थोडा कापत गेलो, तसा ठिपका खाली सरकला.

थोडक्यात, परत येणारी लाट ही व्हिलन. पण प्रा. गोविंद स्वरूप यांनी तिलाच कामाला लावलं, हे मला कुणी शिकवलं नाही.

स्वरूप तेव्हा स्टॅनफर्डला पीएचडी करत होते. तिथे ३२ डिशची सौर दुर्बीण उभी राहत होती, तरंगलांबी फक्त ९ सेंटिमीटर. प्रत्येक डिशचा सिग्नल मध्यभागी एका तालात पोचायला हवा. केबल दोन-चार सेंटिमीटर इकडची तिकडे झाली तरी ताल बिघडतो. पण मोजायचं कसं? मधून लाट पाठवली तर वाटेतला प्रत्येक जोड थोडं थोडं परत पाठवतो, कुठलं कुणाचं कळत नाही. स्वरूप आणि के. एस. यांग यांनी डिशपाशी मुद्दाम परावर्तन घडवलं, तेही भराभर चालू-बंद होणारं. मग मध्यभागी बसून फक्त तेवढीच लुकलुकणारी लाट ऐकायची. तिच्या फेजवरून जाण्यायेण्याची मिळून लांबी कळते. प्रत्येक डिशपर्यंत उपकरण घेऊन पळायला नको. १९६१ मध्ये हा पेपर छापला, आणि पुढे जगभरच्या दुर्बिणींत ही जाऊन-येऊन मोजणी रूढ झाली.

१९६३ मध्ये होमी भाभांच्या बोलावण्यावरून ते टीआयएफआरला आले. ऑस्ट्रेलियाहून भेट मिळालेल्या सहा-सहा फुटी ३२ डिश त्यांनी १९६५ मध्ये कल्याणला उभ्या केल्या. मग उटी, मग नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटरच्या ३० डिशची जीएमआरटी. २०२० मध्ये पुण्यातच गेले. मी तेव्हा इथेच होतो, आणि मला त्यांचं नावही धड माहीत नव्हतं. याची लाज वाटते.

माझा डायपोल १.४ वर थांबलाय. अजून कापून फायदा नाही, कारण त्याचा स्वतःचा रोधच ७० ओहमच्या आसपास आहे आणि केबल ५० ची.