मृदुकाय प्राण्यांचे खनिजी दात

कायटन आणि लिंपेट या सागरी मृदुकाय प्राण्यांच्या रेत्रिकेवरील लोहयुक्त दात. रेत्रिका ही तोंडातली कानशीसारखी लांब पट्टी. तिच्यावर दातांच्या आडव्या ओळी असतात. मौद्याजवळून वाहणाऱ्या कन्हान नदीतल्या गोगलगायींनाही रेत्रिका असते, पण मऊ शेवाळ खरवडायला त्यांना कायटिन या तंतुमय पदार्थाचे साधे दात पुरतात. कोकणच्या खडकांवरील सेलाना वंशातील लिंपेटचे तसे नाही. त्याला शैवालाबरोबर खडकही खरवडावा लागतो आणि दात झिजत राहतात. म्हणून रेत्रिकेच्या मागच्या टोकाला नव्या ओळी सतत तयार होतात व पुढे सरकतात.

संशोधक हाइन्झ लोवेनस्टाम यांनी १९६२ मध्ये कायटनच्या दातांत मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असल्याचे दाखवले. तोवर ते भूगर्भातील प्रचंड उष्णतेत व दाबातच घडते, असा समज होता.

सर्वाधिक अभ्यास क्रिप्टोकायटन स्टेलेरी या उत्तर पॅसिफिकमधील मोठ्या कायटनवर झाला आहे. त्याच्या एकाच पट्टीवर मागून पुढे पाहत गेले, तर दातनिर्मितीचे सर्व टप्पे ओळीने दिसतात. अभ्यासकाला याहून सोयीचा प्राणी मिळणे कठीण. सर्वांत मागचे दात रंगहीन असतात: कायटिनच्या तंतूंचा नुसता सांगाडा. पुढे ते लालसर होतात, कारण तंतूंवर फेरिहायड्राइट हे लोहाचे जलयुक्त ऑक्साइड साचते. त्याचे मॅग्नेटाइटमध्ये रूपांतर झाले की दात काळा पडतो. हे लोह भोवतालच्या पेशींत फेरिटिन या पोकळ प्रथिनात साठवलेले असते; माणसाच्या शरीरातही लोह फेरिटिनमध्येच साठते.

लोह नेमके कोठे बसवायचे हे कसे ठरते, हा यातला कळीचा प्रश्न. ओकायामा विद्यापीठाच्या मिचिको नेमोतो, अर्व्हाइन येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे डेव्हिड किसाइलस व सहकाऱ्यांनी २०२५ मध्ये त्याचा एक दुवा मांडला. केवळ कायटनमध्ये आढळणारे आरटीएमपी१ हे प्रथिन पेशींतून अतिसूक्ष्म नलिकांवाटे दातात शिरते आणि कायटिनच्या तंतूंवर जाऊन बसते. त्यानंतर फेरिटिनमधून सुटलेले लोह त्याच जागी ऑक्साइडच्या रूपात साचते. म्हणजे जागा आधी प्रथिन धरते, लोह मागाहून येते.

लिंपेटची रीत निराळी. त्यांच्या दातांत गोएथाइट या लोहखनिजाचे सुईसारखे सूक्ष्म तंतू व सिलिका असते. पोर्ट्समथ विद्यापीठाच्या एसा बार्बर यांच्या गटाने २०१५ मध्ये पॅटेला व्हल्गाटा या लिंपेटच्या दातांची ताणशक्ती ३ ते ६.५ गिगापास्कल मोजली. कोळ्याच्या रेशमापेक्षाही ती जास्त भरली. वृत्तपत्रे यालाच ‘सर्वांत कठीण दात’ म्हणतात, ते चूक आहे. ताण सोसणे वेगळे आणि ओरखडा न उमटू देणे वेगळे. या दुसऱ्या गुणात, म्हणजे काठिण्यात, कायटनचे मॅग्नेटाइट वरचढ ठरते. पोर्ट्समथच्याच संशोधकांनी २०२२ मध्ये लिंपेटच्या रेत्रिकेतील पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या आणि त्यांच्या मदतीने कायटिन व लोहाचे ऑक्साइड असलेला पदार्थ तयार केला.