राज्यक्रांतीच्या दोन साक्षी

कोणत्याही राज्यक्रांतीचा इतिहास लिहावयाचा झाला म्हणजे अभ्यासकापुढे प्रथम साधनांचा प्रश्न उभा राहतो. अमेरिकन राज्यक्रांतीच्या बाबतीत हा प्रश्न तिच्या सूत्रधारांनीच आपल्या उतारवयात उपस्थित केला, ही लक्षणीय गोष्ट आहे. या क्रांतीचा इतिहास कोण लिहील, कोणाला लिहिता येईल, आणि पुढे तरी तो कोणाला कधी लिहिता येईल काय, असे जॉन ॲडम्सने 30 जुलै 1815 च्या पत्रात थॉमस जेफरसनला विचारले. जेफरसनचे 10 ऑगस्टचे उत्तर निराशेचे आहे. बाह्य घटनांपलीकडे कोणालाच काही लिहिता येणार नाही. कारण काँग्रेसची सारी खलबते बंद दारांआड झाली आणि त्यांची टिपणे, त्याच्या माहितीप्रमाणे, कोणी ठेवली नाहीत. इतिहासाचा जो प्राण तोच अशा रीतीने कायमचा अज्ञात राहणार, असे त्याचे म्हणणे. 24 ऑगस्टच्या पत्रात ॲडम्सने प्रश्नाची दिशाच पालटली. युद्ध म्हणजे क्रांती नव्हे, युद्ध हा क्रांतीचा केवळ परिणाम होय. खरी क्रांती लोकांच्या मनात झाली, आणि ती 1760 ते 1775 या पंधरा वर्षांत, लेक्सिंग्टन येथे रक्ताचा पहिला थेंब सांडण्यापूर्वीच घडून आली, असा सिद्धांत त्याने मांडला.

हा सिद्धांत पुढे इतिहासकारांना अत्यंत प्रिय झाला. परंतु लोकांच्या मनात काय घडले याचा पुरावा कोठे शोधावयाचा? ॲडम्सने तेरा वसाहतींच्या विधिमंडळांची दप्तरे, पत्रके आणि वृत्तपत्रे यांकडे बोट दाखविले. ज्यांनी हाती बंदूक घेतली त्यांनाही विचारून पाहावे, असे त्याने सुचविले नाही. वस्तुतः त्या वेळी ही माणसे हजारोंच्या संख्येने जिवंत होती, आणि तीनच वर्षांनी ती न्यायालयांच्या दारांशी उभी राहून बोलू लागणार होती.

ॲडम्स-जेफरसन पत्रव्यवहाराचे वाङ्मयीन मोल वादातीत आहे. 1776 मध्ये स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या समितीत हे दोघे एकत्र होते. पुढे पक्षभेदाने मैत्री तुटली. 1800 च्या निवडणुकीत जेफरसनने ॲडम्सचा पराभव केला, आणि 4 मार्च 1801 च्या पहाटे, नव्या अध्यक्षाच्या शपथविधीला न थांबता, ॲडम्स राजधानी सोडून निघून गेला. फिलाडेल्फियाचा वैद्य बेंजामिन रश या दोघांच्याही स्नेहातला. आपल्याला या दोघांच्या समेटाचे स्वप्न पडले, असे त्याने 1809 मध्ये ॲडम्सला कळविले. अखेर 1 जानेवारी 1812 रोजी ॲडम्सने पहिले पत्र पाठविले. घरी विणलेल्या कापडाचे दोन नग आपण वेगळे पाठवीत आहोत, असे त्यात होते. जेफरसनने हे शब्दशः घेतले आणि व्हर्जिनियातील घरगुती सूतकताई व विणकाम यांवर उत्तरात सविस्तर लिहिले. मागाहून पुडके हाती आले तेव्हा त्यातून निघाले ते ॲडम्सच्या मुलाच्या, जॉन क्विन्सी ॲडम्सच्या, वक्तृत्वशास्त्रावरील व्याख्यानांचे दोन खंड! अकरा वर्षांचा अबोला असा एका विनोदाने संपला.

त्यानंतरच्या चौदा वर्षांत सुमारे दीडशे पत्रे लिहिली गेली. त्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक ॲडम्सची. धर्म, प्लेटो, नैसर्गिक श्रेष्ठांचे राज्य, वार्धक्य, शोक असे विषय त्यांत येतात. 1818 मध्ये ॲबिगेल ॲडम्स निवर्तली तेव्हा जेफरसनने धाडलेले सांत्वनपत्र संयमाचा आदर्श म्हणून वाचावे असे आहे. मात्र ही पत्रे केवळ मित्रांची नव्हेत. जेफरसन लिहिता लिहिताच दुसऱ्या लेखणीने नक्कल उतरविणारे यंत्र वापरीत असे. ॲडम्सचा हात थरथरू लागला तेव्हा तो घरच्या माणसांना मजकूर सांगून लिहवून घेई. पुढची पिढी आपल्या खांद्यावरून डोकावून हे वाचणार, याची जाणीव दोघांनाही होती. एकमेकांना आपली बाजू समजावून सांगितल्यावाचून आपण मरता कामा नये, असे ॲडम्सने 1813 मध्ये लिहिले. हे समजावणे जेफरसनइतकेच भावी वाचकांसाठीही होते, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

आता दुसऱ्या साक्षीकडे वळले पाहिजे. ट्रेंटनच्या लढाईत स्वतः जखमी झालेला जेम्स मन्रो अध्यक्ष असताना, 18 मार्च 1818 रोजी, काँग्रेसने स्वातंत्र्ययुद्धातील सैनिकांसाठी पेन्शनचा कायदा केला. काँग्रेसच्या नियमित सैन्यात निदान नऊ महिने अथवा युद्धसमाप्तीपर्यंत ज्याने चाकरी केली आणि जो आज साहाय्यावाचून जगू शकत नाही, अशा शिपायाला दरमहा 8 डॉलर व अधिकाऱ्याला 20 डॉलर मिळावयाचे होते. अर्जांचा असा पूर लोटला की सरकार गोंधळून गेले. 1820 मध्ये नवी अट आली : प्रत्येक अर्जदाराने न्यायालयात शपथेवर आपल्या मालमत्तेची यादी सादर करावी. स्वातंत्र्य मिळवून देणाऱ्या माणसाला आपले दारिद्र्य कलमवार सिद्ध करावे लागले. पुढे 7 जून 1832 च्या कायद्याने दारिद्र्याची अट काढली आणि शिबंदीतील लोकांनाही हक्क दिला. तेव्हा सत्तरी-ऐंशी गाठलेल्या वृद्धांनी गावोगावच्या न्यायालयांत आपले युद्ध तोंडी सांगितले व कारकुनांनी ते उतरून घेतले. या साऱ्या कायद्यांखाली आलेल्या अर्जांची सुमारे 80,000 प्रकरणे आज अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जतन केलेली आहेत.

या अर्जदारांत मेन प्रांतातील प्रॉस्पेक्ट गावचा जोसेफ प्लंब मार्टिन होता. 1776 मध्ये पंधराव्या वर्षी तो शिपाई झाला आणि 1783 पर्यंत सैन्यात राहिला. यॉर्कटाउनच्या वेढ्यात सुरुंग व खंदकांचे काम करणाऱ्या पथकाचा तो सार्जंट होता. युद्धानंतर त्याने मेनमध्ये जमीन कसली. पण तिच्यावर मालकी सांगितली ती हेन्री नॉक्सने. हा नॉक्स म्हणजे वॉशिंग्टनच्या तोफखान्याचा प्रमुख आणि निवृत्त युद्धमंत्री. जमीन राहू द्यावी म्हणून मार्टिनने त्याला विनवणीचे पत्र लिहिले. निवृत्त मुत्सद्द्यांच्या टपालात असलीही पत्रे येत असत, हे विसरता कामा नये. अखेरीस जमीन हातची गेली. पेन्शनसाठी दिलेल्या यादीत दोन गाई, सहा मेंढ्या आणि एक डुक्कर एवढीच मत्ता मार्टिन सांगतो. बायको संधिवाताने आजारी, मुले पाच, स्वतःच्याने काम होत नाही.

याच मार्टिनने 1830 मध्ये आपल्या आठवणी निनावी प्रसिद्ध केल्या. त्यांत 1777 च्या हिवाळ्यातील एक प्रसंग आहे. काँग्रेसने ईश्वराचे आभार मानण्याचा दिवस पाळण्यास फर्माविले, आणि कित्येक दिवसांच्या उपाशी सैन्याला त्या मेजवानीसाठी मिळाले काय, तर मूठभर तांदूळ व एक चमचा शिरका. डेलावेअर नदीतील फोर्ट मिफ्लिनचा बचाव त्याच वर्षी झाला. त्या भयंकर तोफमाऱ्याविषयी इतिहासकार मुके का, याचे कारण मार्टिन सांगतो : तेथे वॉशिंग्टन, पटनम किंवा वेन नव्हता, असता तर त्या प्रसंगाचे पोवाडे आकाशाला भिडले असते. जेफरसनच्या मते इतिहासाचा प्राण बंद दारांआड हरवला. मार्टिनच्या मते तो उघड्या मैदानावर, सर्वांच्या डोळ्यांदेखत, केवळ सांगण्याजोगे नाव जवळ नसल्यामुळे हरवला. दोघांचे दुःख एकच आहे. हरवलेली वस्तू मात्र एक नाही.

या दोन साधनांची तुलना करताना भाबडेपणा टाळला पाहिजे. जबानी हे काही निर्मळ सत्य नव्हे. ती पोटासाठी दिलेली असते. पन्नास वर्षांच्या अंतराने स्मृती अंधुक झालेली असते. कारकुनाच्या ठराविक शब्दांत बोलणाऱ्याचा आवाज पुष्कळदा बुडून जातो. पण पत्रालाही आपला स्वार्थ असतोच, तो अधिक सुसंस्कृत एवढेच. समानाने समानाला लिहिलेल्या पत्रात जे गृहीत धरले जाते ते अधिकाऱ्यापुढे उभ्या असलेल्या माणसाला सिद्ध करावे लागते. म्हणूनच पत्रांत सिद्धांत सापडतात आणि जबान्यांत पायांतील जोडे, थकलेला पगार आणि शेजाऱ्यांची नावे सापडतात.

तथापि जबान्यांतून केवळ हालअपेष्टांचाच वृत्तान्त मिळतो असे मानणे चुकीचे ठरेल. याचे उत्तम उदाहरण म्हणजे जेहू ग्रँट हा निग्रो अर्जदार. ऱ्होड आयलंडमध्ये तो गुलाम होता. मालक इंग्रजांना सामील होता व आपल्यालाही तो इंग्रजी जहाजांवर धाडील अशी ग्रँटला भीती होती. 1777 मध्ये तो पळाला, अमेरिकन सैन्यात गाडीवान म्हणून दाखल झाला आणि सुमारे दहा महिन्यांनी मालकाने त्याला शोधून परत नेले. 1832 च्या कायद्याखाली त्याने अर्ज केला. चाकरीच्या काळात तो फरारी गुलाम होता, या कारणास्तव अर्ज फेटाळण्यात आला. 1836 मध्ये त्याने पुन्हा विनविले. गावोगाव उभारलेले स्वातंत्र्याचे स्तंभ आणि त्यासाठी उठलेली माणसे पाहून आपले मनही त्या गोष्टीकडे ओढले गेले, असे त्याने त्या विनंतीत सांगितले.

क्रांती लोकांच्या मनात झाली, हे ॲडम्सचे म्हणणे येथे सिद्ध होते. परंतु त्याला अपेक्षित नसलेल्या साक्षीदाराच्या तोंडून, आणि तेही त्याने ठरविलेली 1775 ची सीमा ओलांडून. ग्रँटच्या मनातील क्रांती युद्ध चालू असताना, युद्धामुळेच घडली. मग युद्ध हा क्रांतीचा भागच नव्हे, या विधानाचे काय उरते? ज्यांना सभागृहात जागा होती त्यांची क्रांती कदाचित 1775 पूर्वी पुरी झाली असेल. ज्यांना ती नव्हती त्यांच्यासाठी ती छावणीत सुरू झाली, आणि ग्रँटच्या बाबतीत तिच्यावर सरकारनेच नकाराचा शेरा मारला. गुलामगिरी हे आपल्याला अर्धशतकभर काळ्या ढगासारखे दिसत आले आहे, असे ॲडम्सने 1821 मध्ये जेफरसनला लिहिले. परंतु ज्या मॉन्टिसेलोच्या पत्त्यावर ते पत्र गेले तेथील गुलामांविषयी पत्रव्यवहार मूकच राहिला.

25 मार्च 1826 च्या पत्रात जेफरसनने ॲडम्सला एक विनंती केली. आपला नातू बोस्टनला येत आहे. म्हातारपणीच्या हिवाळी रात्रीं वीरयुगातील माणसे आपण पाहिली असे त्याला सांगता यावे, म्हणून त्याला भेट द्यावी. ग्रीक पुराणातील सोनेरी लोकरीच्या शोधाला निघालेल्या वीरांची उपमा त्याने आपल्या पिढीला दिली. त्याच वर्षी 4 जुलैला, जाहीरनाम्याच्या पन्नासाव्या वाढदिवशी, दोघांचाही अंत झाला. मार्टिन 1850 पर्यंत जगला. त्या नौकेची वल्ही मारणाऱ्यांपैकी तो एक. पण त्याच्या दाराशी कोणाचा नातू ओळखपत्र घेऊन गेला नाही.

ॲडम्स-जेफरसन पत्रव्यवहाराची लेस्टर कॅपनने सिद्ध केलेली दोन खंडांची आवृत्ती 1959 मध्ये निघाली. मार्टिनच्या विस्मृत आठवणी जॉर्ज शीअरने 1962 मध्ये पुन्हा संपादून काढल्या, आणि पेन्शनच्या जबान्यांतील निवडक कथने जॉन डॅनने 1980 मध्ये ग्रंथरूपाने दिली. क्रांतीचा इतिहास कोण लिहील, या 1815 मधील प्रश्नाचे उत्तर त्यामुळे आज थोडे निराळे देता येते. तो पत्रे लिहिणाऱ्यांनी लिहिला आणि अर्ज करणाऱ्यांनीही. एकाच्या साक्षीने दुसऱ्याची साक्ष तपासून पाहणे, हे पुढील वाचकाचे काम.