पैशे नोको, माणूस दे

आमच्या पुऱ्यात लग्न जुळलं की पत्रिका छापायच्या आधी घरचं कुणीतरी मंडळाच्या गंजांची तारीख धरायला जायचं. पातूरला तेव्हा भाड्यानं भांडी देणारं दुकान नव्हतं. होते ते मंडळाचे गंज, पराती, झारे आणि उंदरांनी कोपरे कुरतडलेल्या सतरंज्या. गंजाच्या काठावर मंडळाचं नाव ठोकलेलं होतं, पण घासून घासून त्यातला मधला शब्द झिजून गेला. त्यामुळे मंडळाचं खरं नाव काय, यावर आमच्या घरात आजही दोन मतं आहेत. लोक नुसतं ‘मंडळ’ म्हणत.

गंजाला भाडं नव्हतं. ज्या घरानं गंज नेला, त्या घरानं त्या वर्षी विहिरीच्या गाळाला एक माणूस द्यायचा, एवढीच अट. वही आबाजींकडे, म्हणजे माझ्या आजोबांकडे. लाल कापडाच्या त्या वहीत रकाने दोनच: काय नेलं, आणि कोण आलं. कुणी खिशात हात घातला की आबाजी म्हणत, “पैशे नोको बापा, माणूस दे.” एकदा एका पैसेवाल्या घरानं पोरगा न पाठवता रोजानं लावलेला गडी पाठवला. आबाजींनी वहीत त्या घरापुढे ‘मजूर’ एवढंच लिहिलं. पुढं त्या घरी लग्न निघालं तेव्हा नेमका पोचे आलेला, बूड डुगडुगणारा गंज त्यांच्या वाट्याला गेला. आबाजी कधी हसत नसत, पण हे सांगताना मिशी हलायची.

मंडळ कधी सुरू झालं, हे विचारावं तर ज्याचं त्याचं वेगळं. आजी काळ मोजायची तो साथींवरून आणि दुष्काळांवरून. तिचा स्वतःचा जन्म ‘मानमोडीच्या सालचा’, म्हणजे १९१८ च्या इन्फ्लुएंझाचा. तिच्या सासूनं तिला सांगितलेलं असं, की त्या तापात घराघरांत माणसं पडली आणि मयताला खांदा द्यायला चौघं मिळेनात. तेव्हा पुऱ्यातल्या काही पोरांनी मारुतीच्या पारावर एकमेकांना शब्द दिला, की कुणाच्याही दारातून हाक आली तरी जायचं. घर कुणाचं, ते विचारायचं नाही. तेच पुढं मंडळ झालं, असं आजीचं म्हणणं. आबाजींना हे पटत नसे. त्यांच्या मते मंडळ गणपतीतून निघालं, आणि तेही बरंच नंतर. कागद कुणाकडेच नाही. मी आजीच्या बाजूचा, कारण ‘माणूस दे’ ही अट गणपतीतून आली असं मला वाटत नाही.

पातूर ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. अकोल्याहून वाशिमकडं जाताना घाट लागायच्या आधी आमचं गाव येतं. डोंगराला जुनी कोरीव लेणी आहेत, टेकडीवर रेणुकामाता आहे आणि गावात शेख बाबूंचा दर्गा. जिल्ह्यात पातूर दोन, म्हणून जुन्या कागदांत आमचं ‘पातूर शेख बाबू’ आणि दुसरं ‘पातूर नंदापूर’. आमच्या मामाची मनीऑर्डर एकदा त्या दुसऱ्या पातुराला जाऊन आली होती. तालुक्याचं काम निघालं की तेव्हा बाळापूर गाठावं लागे. सरकार लांब होतं. नाली तुंबली की अर्ज लिहिण्यापेक्षा फावडं उचलणं सोपं पडायचं.

फावड्याची ही सवय वऱ्हाडाला कुणी लावली, हे इकडच्या म्हाताऱ्यांना विचारायची गरज पडत नसे. आजीचं माहेर मूर्तिजापूरकडचं. गाडगेबाबा शेंडगावात १८७६ ला जन्मले खरे, पण वाढले ते तिकडंच, दापुऱ्याला मामाच्या घरी. त्यामुळे आजी त्यांच्याबद्दल माहेरच्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलायची. १९०५ साली बाबा घर सोडून निघाले, ते १९५६ च्या डिसेंबरात वलगावजवळ देह ठेवेपर्यंत फिरतच राहिले. आजीनं लहानपणी त्यांना पाहिलं होतं. कुठं, ते दर वेळी बदलायचं. कधी ऋणमोचनच्या पौषातल्या जत्रेत, पूर्णेच्या काठी. कधी मूर्तिजापूरच्या धर्मशाळेपाशी. पण चित्र बदलायचं नाही: अंगावर चिंध्या, कानात कवडी, हातात खराटा. “कीर्तन राती होतं,” ती सांगायची, “पन दिसभर हा मानूस झाडूनच रायला. लोकाइले वाटे, कोनी झाडूवाला हाय. राती तोच उभा रायला बोलाले.” दिवसा गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनातून माणसांची डोकी झाडायची, हा बाबांचा रिवाज महाराष्ट्राला ठाऊक आहे. आजीला कीर्तनातलं एक अक्षर आठवत नव्हतं. झाडणं तेवढं आठवत होतं.

आबाजी मात्र तुकडोजी महाराजांचे. मोझरीचा महाराजांचा गुरुकुंज आश्रम १९३५ चा, आणि तिथून निघालेल्या गुरुदेव सेवा मंडळाची शाखा नाही असं गाव वऱ्हाडात सापडणं कठीण. भेटल्यावर ‘जयगुरू’, पहाटे सामुदायिक ध्यान, सांजेला प्रार्थना, अधूनमधून रामधून. रामधून निघायची तीही रस्ता झाडून, सडा टाकून. १९४२ च्या ऑगस्टात चिमूर पेटलं आणि महाराजांना चंद्रपुरात धरून नेलं, नागपूरच्या आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं, त्या दिवसांत आबाजी म्हणे घर सोडून पंधरवडाभर कुठंतरी होते. कुठं, ते त्यांनी आजीलाही सांगितलं नाही. आजीचा कयास असा, की ते फार तर तिच्या भावाकडं शेतात लपले असतील, आणि पोलिसांना त्यांचं नावसुद्धा माहीत नसेल.

१९५५ ची ग्रामगीता घरात आली तेव्हापासून आबाजींच्या उशाशी असे. एक्केचाळीस अध्यायांच्या त्या पोथीत स्वर्ग-नरक शोधू जाल तर हाती ग्राम-आरोग्य आणि श्रम-संपत्ती लागते. मंडळाच्या बैठकीत भांडण निघालं की आबाजी त्यातलं काहीतरी मोठ्यानं वाचत. भांडण मिटायचं ते पटल्यामुळं, की वाचन लांबेल या भीतीनं, ते देव जाणे. ११ ऑक्टोबर १९६८ ला महाराज गेले. गुरुकुंजात अजूनही दर वर्षी आश्विनातल्या त्या तिथीला, चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी, लाखो माणसं मौन उभी राहतात. आबाजींचे पाय थकले तसे ते घरीच ओट्यावर उभे राहत, घड्याळ समोर ठेवून.

आता विहिरीचं. गाळ काढायचा तो वैशाखात, पाणी तळाला गेलं की. पहाटेच दोर, टोपली, बादल्या निघायच्या. आत उतरणारे दोघं-तिघं ठरलेले असत, वर ओढायला सगळा पुरा. आम्हा पोट्ट्यांना गाळ चिवडायची मुभा होती, आणि खरी मजा त्यातच. वर्षभरात बुडालेलं सगळं वर यायचं: लोटे, चरव्या, गड्याचा अडकित्ता, चप्पल. एका वर्षी आजीची पितळी गुंडी निघाली. ती पडली म्हणून ज्या सुनेला तिनं बोल लावला होता, त्या सुनेला तोवर सून यायची वेळ झाली होती. काकूनं गुंडी चिंचेनं लख्ख घासली आणि काही न बोलता आजीसमोर आणून ठेवली.

दुपारी पंगत. रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण. पुण्या-मुंबईच्या वाचकाला बाटी म्हटलं की कळेल, पण वऱ्हाडी माणसासमोर रोडग्याला बाटी म्हणू नये. कणकेचे पदर करून वळलेले गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, राख झटकून फोडायचे आणि आत तूप. तूप नसलं तर जवसाचं कच्चं तेल. वांग्याच्या भाजीला रंग चढला की पुऱ्यातल्या ज्याला त्याला आठवायचं, की आपणही दोर ओढायला येणारच होतो. अशांनाही पान मिळायचं. आबाजी वाढताना फक्त वहीकडं बघत.

इथपर्यंत गोड आहे. आजी होती म्हणून पुढचंही ठाऊक झालं. गाळ काढायला हाक साऱ्या गावाला जायची आणि सारे यायचे, पण त्या विहिरीवर घागर लावायला सारे येऊ शकत नव्हते. गावकुसाकडची माणसं दिवसभर आत उतरून गाळ भरत आणि पंगतीला वेगळी बसत. गाडगेबाबांचं, तुकडोजींचं सांगणं भिंतीवर आणि पोथीत होतं, विहिरीवर यायला त्याला वेळ लागला. आजी एकदा आबाजींना सरळ म्हणाली, “चिखल काढाले चालते, पानी भराले नाई चालत, हे कोन्त्या अध्यायात हाय?” आबाजी गप्प. त्या काळी ते गप्प बसले, ही माझ्या मनातली त्यांच्याबद्दलची एकमेव कडवट आठवण. पुढं विहीर सगळ्यांना खुली झाली. ती मंडळाच्या ठरावानं झाली की काळानं, यावर मी मंडळाला पूर्ण गुण देणार नाही.

दुसरा प्रश्नही तिचाच. “एवढे रोडगे भाजले, तं वहीत माहं नाव दाखव.” वहीत बायकांचं नाव एकही नव्हतं. जे आलं ते ‘घर’ आलं, आणि घर म्हणजे बाप्या.

१९७२ च्या दुष्काळात मात्र मंडळाचं सोनं झालं, असं जाणती माणसं अजून म्हणतात. ते वर्ष मला स्वतःला आठवतं. दुष्काळी कामांच्या गिट्टीवर गेलेली माणसं, पोरांना मिळणारी सुकडी, आणि रेशनवरचा तो लाल मिलो. त्याची भाकर थापताना चिरायची आणि खाताना घशात अडायची. विहीर आटली होती. पाणी आलं की मारामारी. मंडळानं तेव्हा घागरींची रांग लावली. माणसांनी उभं राहायचं नाही, घागरींनी राहायचं. बाळंतीण आणि म्हातारी असलेल्या घराची घागर पुढं. रांगेवर नजर ठेवायला आबाजींनी बसवलं कुणाला, तर आजीला. तिच्या हातात तुरीची काडी असायची. ती कुणाला लागल्याचं ऐकिवात नाही.

मग नगरपरिषद आली, नळ आले, झाडायला माणसं नेमली गेली. पातूर स्वतःच तालुका झाला. हे सगळं चांगलंच झालं. ज्यानं खांद्यावर पाणी वाहिलं तो नळाला नावं ठेवणार नाही. पण मंडळाचं काम आक्रसत गेलं. गणपती, शारदा, महाप्रसाद, डीजेची वर्गणी. पावती पुस्तक राहिलं, वही गेली. इथं एक गोष्ट सांगायला हवी, जी फारशी कुणी सांगत नाही. खेड्याला ग्रामसभा आहे. उभं राहून सरपंचाला विचारता येतं. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं शहरांत प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या त्या तीन लाख आणि त्याहून जास्त वस्तीच्या ठिकाणी. पातुरासारखी नगरपरिषदेची गावं मधल्या मधे राहतात. पुऱ्यातल्या माणसांनी एकत्र बसून आपल्या नालीचं, दिव्याचं, पाण्याचं बोलायचं तर पारावरच बसावं लागतं. म्हणून मंडळ संपू नये असं मला वाटतं, आठवणींच्या हौसेपायी नव्हे.

माणूस द्यायची सवय मोडलेली नाही, याची साक्ष अधूनमधून मिळते. मोर्णा नदीवरचं धरण आमच्याच पातूर तालुक्यात. तीच मोर्णा खाली अकोल्यात जलकुंभीनं भरून गेली होती, तेव्हा १३ जानेवारी २०१८ ला हजारो अकोलेकर तिच्या काठावर उतरले आणि त्याची दखल पंतप्रधानांच्या ‘मन की बात’मध्ये घेतली गेली. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात आमच्या तालुक्यातल्या गावांनी पाणी फाउंडेशनच्या स्पर्धेत ८ एप्रिल ते २२ मे, भर उन्हात, चर खणले. तिथं बायका पुढं होत्या आणि हजेरीत त्यांची नावंही होती. आजी असती तर तिनं ती हजेरी वाचून घेतली असती.

आमच्या पुऱ्यातल्या काही पोरापोरींनी आता पुन्हा वही घातली आहे. दोन रकाने तेच, नावं मात्र घराची नाहीत, ज्याची त्याची. कॅटरर आल्यापासून गंज कुणी नेत नाही. त्याऐवजी मंडळाची व्हीलचेअर आणि दवाखान्यातला खाटेचा टेकू फिरतो. त्यांनी मिरगाच्या आधीच्या रविवारी नाल्या उपसायच्या ठरवल्या आहेत. पातूरचे असाल आणि पुण्या-नागपुरात राहत असाल, तर वर्गणी पाठवू नका. त्या रविवारी सहाला मारुतीच्या पारापाशी या. फावडी मंडळाकडं आहेत, खराटा घरचा आणा.