ताण वाढला की किडनीच्या पेशी दाह कसा आवरतात?

मे महिन्यात लातूर-नांदेडमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. पाण्याचं तर विचारूच नका. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. १२ एप्रिलला आलेल्या पहिल्या गाडीत सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं. अशा उन्हात राबणाऱ्या माणसाच्या किडनीचीही ओढाताण होते.

दोन्ही किडन्या मिळून दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात. त्यातलं बहुतेक परत रक्तात जातं, लघवी होते जेमतेम दीड-दोन लिटर. शरीरातलं पाणी कमी झालं की किडनीचा रक्तपुरवठा घटतो आणि पेशींवर ताण येतो.

पेशीत 'एनएफ-कप्पा-बी' नावाचं प्रथिन असतं. एरवी 'आय-कप्पा-बी' हे दुसरं प्रथिन त्याला वेसण घालून ठेवतं. धोक्याचा निरोप आला की वेसण सुटते, एनएफ-कप्पा-बी केंद्रकात शिरतं आणि दाहाची जनुकं सुरू करतं. थोडा दाह कामाचाच. तो रेंगाळला तर किडनीत व्रणासारखे तंतू साचत जातात.

गंमत म्हणजे ताणच ब्रेकही लावतो. उष्णतेने प्रथिनांच्या घड्या बिघडू लागल्या की पेशी एचएसपी-७० सारखी 'हीट शॉक' प्रथिनं बनवते. (या प्रतिसादाची पहिली खूण इटलीच्या फेरुच्चो रितोसा यांनी १९६२ मध्ये नोंदवली, तीही फळमाशीत.) ही प्रथिनं घड्या सावरतात, शिवाय एनएफ-कप्पा-बीची वेसण टिकवायला मदत करतात. जपानच्या यामानाशी विद्यापीठातल्या संशोधकांना किडनीच्या मेसँजियल पेशींत आणखी एक वाट दिसली. पेशीतल्या प्रथिनांच्या कारखान्यावर, म्हणजे एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमवर, आधीच ताण आलेला असेल तर नंतर दाहाचा निरोप येऊनही एनएफ-कप्पा-बी नीट जागं होत नाही.

म्हणून उन्हात राबून किडनी 'कणखर' होते, असं कुणी म्हणत असेल तर ते चूक आहे. हा ब्रेक थोड्या आणि थोडाच वेळ टिकणाऱ्या ताणाचा. ताण रोजचा झाला की हीच यंत्रणा उलटते, दाह वाढतो, पेशी मरू लागतात. एल साल्वाडोर, निकाराग्वामधल्या ऊसतोड कामगारांत मधुमेह किंवा रक्तदाब नसतानाही किडनी निकामी होण्याचं प्रमाण मोठं आहे आणि उष्णता व पाण्याची कमतरता ही त्यामागची प्रमुख संशयित कारणं मानली जातात.

दिवसभर उन्हात काम, पोटात पाणी कमी आणि रात्री अंगदुखीवर डायक्लोफिनॅकची गोळी, हे तर आणखी घातक. किडनीच्या रक्तवाहिन्या उघड्या ठेवणारी प्रोस्टाग्लँडिन ही रसायनं तयार होणंच ती गोळी कमी करते.