दिङ्नागाची नऊ घरं

तर्कशास्त्राचा तास मी ‘डोंगरावर धूर, म्हणून अग्नी’ या नेहमीच्या उदाहरणापासून सुरू करत नाही. आधी फळ्यावर नऊ घरं आखते. ती दिङ्नागाची. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचा हा बौद्ध आचार्य. त्याचा ‘हेतुचक्र’ हा चिमुकला ग्रंथ मूळ संस्कृतात उरला नाही, तिबेटी भाषांतरामुळे वाचला.

त्या काळी वादसभेत पुष्कळ काही पणाला लागलेलं असे. शब्द, म्हणजे ध्वनी, नित्य की अनित्य, या प्रश्नात मीमांसकांच्या लेखी वेदांचं प्रामाण्य गुंतलेलं होतं. अनुमानाचे प्रतिज्ञेपासून निगमनापर्यंतचे पाच अवयव न्यायसूत्रांनी घालून दिले होते. पण पाचही म्हणून झाले, तरी हेतू, म्हणजे दिलेलं कारण, सच्चा आहे हे कशावरून? दिङ्नागानं दोन बाजू तपासायला सांगितल्या. जे सिद्ध करायचं ते जिथे आहे, तिथे हेतू सगळीकडे सापडतो, काही ठिकाणी, की कुठेच नाही? आणि जिथे ते नाही, तिथे? तीन त्रिक नऊ.

‘शब्द अनित्य, कारण तो केलेला आहे.’ घट अनित्य, तोही केलेला. आकाश नित्य, ते केलेलं नाही. हेतू टिकला. आता ‘कारण तो प्रयत्नातून उपजतो’ असं म्हणून पाहा. वीज अनित्यच, पण ती कुणाच्या प्रयत्नानं चमकत नाही. विद्यार्थी इथे हमखास अडतात. तरी हा हेतूही टिकतो, कारण नित्य वस्तूंत तो कुठेच शिरत नाही. असे सद्हेतू नवांत दोनच. दोन उलटंच सिद्ध करतात, पाचांतून काहीच ठरत नाही.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते मधलं घर. ‘शब्द नित्य, कारण तो कानांना ऐकू येतो.’ ऐकू येणारं शब्दावाचून दुसरं काहीच नाही, म्हणून विरुद्ध दाखला कुणालाच देता येत नाही. तरीही दिङ्नाग हा हेतू नाकारतो: खोडता न येणं पुरेसं नाही, बाजूनं एक तरी दाखला हवा. ॲरिस्टॉटलच्या अनुमानात वैधता विधानांच्या आकारावर ठरते. इथे जगातला दाखला चौकटीच्या आतच बसवलेला आहे.

पण आजवर न दिसलेला विरुद्ध दाखला उद्या दिसणारच नाही कशावरून? सातव्या शतकात धर्मकीर्तीनं म्हणून स्वाभाविक संबंध मागितला. एक तर धूर जसा अग्नीपासून जन्मतो तसा, नाही तर शिंशपा जशी मुळातच वृक्ष असते तसा. जैन तार्किक अकलंकानं त्याच्यापुढे आकाशातला दाखला ठेवला. कृत्तिका उगवल्या, म्हणजे थोड्या वेळानं रोहिणी उगवणार. हे अनुमान बिनचूक आहे, आणि तिथे ना जन्म आहे ना तादात्म्य.